फाटा आला की सांगा

१

दर गुरुवारी सकाळी मी विमलाला गाडीतून कणकवलीला नेत असे. तिचं हृदय कमजोर झालं होतं आणि अंगात पाणी साचे. आधी पाय सुजत, मग धाप लागे, मग उशीला टेकूनही झोप येईनाशी होई. कणकवलीचे डॉक्टर आठवड्याला एक इंजेक्शन देत. दुसऱ्या दिवशी तिचे घोटे दिसू लागत, आणि पुढचे काही दिवस ती चुलीपाशी उभी राहून मी केलेल्या आमटीत काय काय चुकलं होतं ते मला सांगे.

एकदा तिला एस.टी.ने नेलं, तेव्हा कसालच्या अलीकडेच तिचे ओठ निळसर झाले. म्हणून मी गाडी घेतली. माझं वय तेव्हा चौसष्ट. सगळा जन्म मुंबईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्यात गेला होता. यंत्र म्हणून मी फक्त घड्याळ वापरलं होतं, आणि तेसुद्धा चालू आहे ना हे कानाला लावून पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांपैकी मी. गाडी बेळगावच्या एका गृहस्थांनी वापरलेली, लहान, विलायती, पाठीला कासवासारखा फुगवटा असलेली. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

चालवायला मला गुरुदासने शिकवलं. आमच्याच चौके गावात रस्त्यालगत नारळीच्या झापांचं छप्पर टाकून तो गाड्या दुरुस्त करी. त्याचा पहिला धडा क्लचचाही नव्हता आणि ब्रेकचाही नव्हता.

"मास्तरांनू, हॉर्न मारूक इसरलात तरी चलात," तो म्हणाला. "पण वाटेर कोण बसललो दिसलो तर 'येतास काय' म्हणान इचारूक इसरू नकात. नायतर लोक म्हणतले, मास्तराक गाडी इली नि डोळे गेले."

त्या रस्त्याची रीतच तशी होती. एस.टी. मोजक्या, खासगी गाड्या त्याहून मोजक्या. गाडीत जागा असली की वेग कमी करायचा आणि विचारायचं. बसलेला माणूस आपला फाटा आला की सांगतो, उतरतो, "येतंय हां" म्हणतो आणि चालू लागतो. तिथे कोणी कोणाचे आभार मानत नाही.

पहिल्यांदा मी एकट्याने गाडी चालवली ती कणकवलीहून घरी येताना. गुरुदास काही सामान घ्यायला मागे राहिला होता. कसालला मालवणच्या रस्त्याला वळलो आणि थोडं पुढे मैलाच्या दगडावर एक माणूस बसलेला दिसला. डोक्याला पंचा, मांडीवर बोचकं, बाजूला मिटलेली छत्री. मी गाडी थांबवली, मागे वाकून डावीकडचं दार उघडलं आणि म्हणालो, "येता का? तुमचा फाटा आला की सांगा, उतरवीन."

तो उठला. एवढं मी नक्की पाहिलं. मग गिअर अडकला म्हणून माझं लक्ष खाली गेलं. मागची बाजू जराशी दबली, दार लागल्याचा आवाज आला, आणि मी निघालो. वाटेत सौजन्य म्हणून मी उकाड्याबद्दल काहीतरी बोललो. उत्तर आलं नाही. मागे वळून बघायचं नाही, अशी गुरुदासची सक्त ताकीद होती, आणि आरशात बघायची सवय अजून झाली नव्हती. घरी पोचून पाहिलं तर मागची बैठक रिकामी.

मी विचार केला. माणसाने बेत बदलला असेल. दार उतारामुळे लागलं असेल. मी ब्रेक सोडला म्हणून गाडी दबल्यासारखी वाटली असेल. तीन गोष्टींना तीन वेगळी कारणं सापडली याचं मला समाधान वाटलं. वर्गात मी मुलांना नेमकं याच समाधानाबद्दल सावध करत असे.

२

बिघाड पहिल्याच गुरुवारी जाणवला. त्याआधी एकटा आलो तेव्हा मी चक्र इतकं आवळून धरलं होतं की काही जाणवणं शक्यच नव्हतं.

कट्ट्याच्या पुढे डाव्या हाताला एक कच्ची वाट खाडीकडे उतरते. तिला तरीचा फाटा म्हणतात. खाडी ओलांडणाऱ्या होडीला इकडे तर म्हणतात, आणि पूर्वी त्या वाटेने माणसं तरीवर जात. मी विमलाला घेऊन चाललो होतो. ती मागच्या बैठकीवर मधोमध बसली होती, पाय लांब करून. फाटा दिसू लागला तसं स्टिअरिंगचं चक्र डावीकडे ओढू लागलं.

हिसका नव्हता. गर्दीत कोणी आपल्या कोपराला हात लावून "जरा इकडे" म्हणावं तशी ती ओढ होती. मी चक्र सरळ धरून ठेवलं. फाटा मागे पडल्यावर ओढ हळूहळू गेली.

मला आधी माझे हात आठवले. माझा उजवा हात तेव्हाही किंचित कापे. मग रस्त्याचा विचार केला. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडून चालणारी गाडी डाव्या कडेला ओढते. हे कारण मला इतकं आवडलं की मी ते विमलालाही सांगितलं.

परतताना त्याच जागी चक्र उजवीकडे ओढलं.

उतार गाडीला कडेला नेईल, रस्त्याच्या मधोमध नेणार नाही. आणि आपण जातोय की येतोय हे झिजलेल्या यंत्राला कळत नाही.

"दमलात?" विमलाने मागून विचारलं.

"नाही. का?"

"खांदे कानाला लागलेत तुमचे."

३

"डाव्या हाताक ओढता?" गुरुदासने विचारलं.

"जाताना डावीकडे. येताना उजवीकडे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तरांनू, एक तर डावा सांगा, नायतर उजवा. ही गाडी आसा, साक्षीदार नाय."

गाडी माझ्याच अंगणात फणसाखाली उभी होती. त्याने पुढच्या दोन्ही चाकांची हवा मोजली. मग चाकं आपसांत बदलली. ओढ टायरमुळे असेल तर चाकं बदलल्यावर ती बाजू बदलेल, असं तो म्हणाला, आणि मला त्याची ही पद्धत आवडली. एखाद्या चाकाचा ब्रेक घासत असेल तर चाकाच्या आतला लोखंडी ड्रम तापतो, म्हणून एक फेरी मारून त्याने दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट. चाकांच्या बाजूने सुतळी ताणून ती एका रेषेत आहेत का ते पाहिलं. चाकांना जोडणाऱ्या दांड्या हाताने हलवल्या. कुठे खडखड नाही.

विमला ओसरीवर आरामखुर्चीत बसून पाहत होती. "गुरुदास, गाडीला कशाला नावं ठेवता," ती म्हणाली. "यांच्यातच कल असेल. पाटावरसुद्धा एका बाजूला कलून बसतात."

"ता माका पयल्याच दिसाक कळला, काकीनू. पण मास्तराक खोलून बघूक माझ्याकडे पाना नाय."

तो स्वतः गाडी घेऊन कुंभारमाठापर्यंत जाऊन आला. "लोण्यासारखी चलता."

"तुम्ही उलट दिशेला गेलात. तरीच्या फाट्यापर्यंत जायला हवं होतं."

"थंय कित्याक? तर बंद झाली त्येका वर्सां झाली. होडी कुजली, घाटार शेवाळ इला. थंय आता कुत्रोसुद्धा जायना." मग त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि आतून म्हणाला, "रॅक खोलून बघूक व्हयो."

रॅक म्हणजे काय ते त्याने मला मातीत काडीने काढून दाखवलं. चक्राच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं. ते एका दातेरी पट्टीवर बसतं. चक्र फिरवलं की पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि दोन टोकांच्या दांड्या पुढची चाकं वळवतात. पट्टीच्या टोकांना रबरी पिशव्या असतात. त्या फाटल्या की आत धूळ-पाणी जाऊन दाते झिजतात. आमच्या गाडीची डावी पिशवी फाटली होती. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहाबरोबर दोनदा पोहे दिले.

४

रॅक खोलायला त्याला सवड होईपर्यंत गाडी माझ्या छपराखाली उभी राहिली. छपराचं तोंड रस्त्याकडे, आणि गाडी मी नेहमी उलटी आत घेऊन, तिचं तोंडही रस्त्याकडे आणि चाकं सरळ ठेवून उभी करीत असे. मी असल्या बाबतीत काटेकोर आहे. एकदा उभी केल्यावर पुन्हा जाऊन पाहतो.

सकाळी पुढची दोन्ही चाकं उजवीकडे वळलेली होती.

मीच तशी ठेवली असतील. दुसऱ्या दिवशी मी विमलाला बाहेर बोलावून चाकं दाखवली. "सरळ आहेत की नाहीत?" ती म्हणाली, "सरळ आहेत. औषध घेतलंत का तुम्ही तुमचं?" त्याच्या पुढच्या सकाळी चाकं पुन्हा उजवीकडे होती, आणि त्यांच्या खालच्या तांबड्या मातीत अर्धवर्तुळाकार खळगे पडले होते. चाक जागच्या जागी एकदा वळलं तर माती फक्त घासते. असा खळगा पडायला ते बराच वेळ, पुन्हा पुन्हा वळत राहावं लागतं.

मी फावड्याने खळगे बुजवले. विमलाने पाहू नये म्हणून घाईने बुजवले. घरातून पाहिलं तर उजवीकडे काय आहे, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. सुचला असता तर उत्तर सोपं होतं. आमचा विहिरीचा रहाट, शेजारच्यांचं कुंपण, मग रस्ता, मग कट्टा, मग तरीचा फाटा.

त्या आठवड्यात गाडी तशीच नेऊन आणली. ओढ होतीच, पहिल्यापेक्षा अधिक. आणखी एक गोष्ट लक्षात आली. विमला आता मधोमध बसत नव्हती. उजव्या कोपऱ्यात दाराला टेकून, पाय आखडून बसत होती.

"पाय लांब कर ना," मी म्हणालो.

"असू दे. त्या बाजूला ओलं आहे."

कणकवलीला पोचल्यावर मी डावीकडची बैठक चाचपून पाहिली. खरंच ओली होती. वास खाडीच्या काठावरच्या चिखलाचा. खालच्या पत्र्याला भोक पडलं असेल आणि चाकाचं पाणी उडत असेल, असं मी ठरवलं. पाऊस थांबून तेव्हा बरेच दिवस झाले होते.

५

गुरुदास बुधवारी आला. ऊन चढल्यावर त्याने गाडी बाहेर काढली, या वेळी घराकडे तोंड करून फणसाच्या सावलीत घेतली, आणि पुढची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवली. पुढची चाकं अधांतरी झाली. तासभर तो तिच्याखाली होता. शेवटी रॅक काढून त्याने गोणपाटावर ठेवला, रॉकेलने धुतला आणि बोटाने एकेक दाता पाहिला.

"बघा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच जरा उतरलेला वाटला. "एक दातो झिजललो नाय. ह्या रॅकात कायच खोट नाय."

"मग?"

"मग काय. पिशवी शिवतंय." सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन तो शिवायला बसला. मी त्याच्यासमोर उखळावर बसलो. दुपारचे बारा वाजून गेले होते. वारा पडला होता. विमला आत झोपली होती, म्हणजे बसल्या बसल्या डोळे मिटून होती. तिच्या श्वासाची शिट्टी मला अंगणात ऐकू येत होती.

तेव्हा चाकं फिरली.

मी काय पाहिलं ते जितकं जमेल तितकं नेमकं सांगतो. रॅक गोणपाटावर होता. म्हणजे दोन चाकांना एकमेकांशी जोडणारं काहीही गाडीत नव्हतं. प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर स्वतंत्र, मोकळं लोंबत होतं. ती दोन्ही चाकं एकाच वेळी, एकाच गतीने, सावकाश डावीकडे वळली आणि थांबली. गाडीचं तोंड आज उलट होतं. डावीकडे विहीर होती, रहाट होता, कुंपण होतं.

गुरुदासने सुई रबरात तशीच ठेवली. त्याने उठून चाकं हाताने सरळ केली आणि पुन्हा बसला. आम्ही दोघे पाहत राहिलो. ती पुन्हा वळली.

"वारा असेल," मी म्हणालो.

त्याने फणसाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं, "मास्तरांनू, वाटेर कोणाक तरी बसयलास तुमी?"

मी मैलाच्या दगडाची हकीकत सांगितली. सांगताना ती मला फारच क्षुल्लक वाटली.

"येता का म्हणान इचारलास. आणि?"

"म्हणालो, तुमचा फाटा आला की सांगा, उतरवीन."

"मगे तेना सांगल्यान?"

"नाही. गाडीत कोणी नव्हतंच."

"सांगल्यान नाय?" गुरुदास म्हणाला. तो चाकांकडे पाहत होता.

त्याने सुई पुन्हा हातात घेतली. पिशवी शिवली, रॅक बसवला, बोल्ट आवळले, हात धुतले. चहा घेतला नाही. जाताना फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाला, "माझा काम झाला. आता जा काय ता तुमचा नि तेचा."

६

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी गेलो नाही.

विमलाला म्हणालो की रबर अजून बसायचं आहे, एक दिवस थांबू. ती "बरं" म्हणाली. शुक्रवारी म्हणालो, डॉक्टर नसतील. शनिवारीही काहीतरी म्हणालो. मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी वाद घालत होतो आणि दोन्ही बाजूंनी हरत होतो. गाडी धोक्याची असेल तर तिला त्यात बसवणं गुन्हा. गाडी ठीक असेल, आणि दोष माझ्या डोक्यात असेल, तर मग चक्रावर माझे हात ठेवणं हाच गुन्हा.

रविवारी सकाळी तिचे पाय गुडघ्यापर्यंत घट्ट झाले होते. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राही. ती खुर्चीत पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात मांड्यांवर टेकून, आणि दोन शब्दांत तीनदा थांबत होती.

"अहो," ती म्हणाली, "आज... न्या."

मी तिला उचलून मागे बसवलं. ती सरकत उजव्या कोपऱ्यात गेली. आपली पिशवी तिने डावीकडे ठेवली नाही, मांडीवर घेतली.

कट्टा गेला. मी चक्र घट्ट धरलं. फाट्यावरचं सातविणीचं झाड दिसलं आणि ओढ सुरू झाली. या वेळी ती कोपराला लावलेल्या हातासारखी नव्हती. दोन्ही मनगटं धरून कोणी आर्जव करावं तशी होती. मी सारा जोर लावला. गाडी रस्त्यावर नागमोडी जाऊ लागली, आणि समोरून एक बैलगाडी येत होती.

"हात सोडा," मागून विमला म्हणाली.

"काय?"

"सोडा हो. तो सांगतोय ना... कधीपासून. किती वेळा सांगायचं... त्याने."

"कोण?"

"मला काय माहीत कोण. तुम्हीच... बसवलंत." ती श्वासासाठी थांबली. "गरीब आहे. अंग चोरून... बसतो. तुम्ही घाबराल म्हणून... बोलले नाही."

मी हात सोडले असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते सुटले. चक्र माझ्या बोटांखालून शांतपणे डावीकडे फिरलं, अगदी हवं तेवढंच, आणि गाडी फाट्याला लागली.

७

ती वाट माझ्या माहितीची नव्हती, पण गाडीला माहीत होती. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या पत्र्याला घासत होत्या. उतार होता. मी फक्त ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. एका वळणानंतर खाडी समोर आली, भरतीने काठोकाठ भरलेली, उन्हात पांढरी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. गाडी पहिल्या पायरीच्या अलीकडे थांबली.

पायऱ्यांशी एक होडी लागलेली होती.

होडी कुजली असं गुरुदास म्हणाला होता. दुसरी एखादी असेल. तीत एक माणूस हातात लांब बांबू धरून उभा होता. त्याच्यामागे पाणी इतकं चकाकत होतं की त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

काय करायचं ते कळेना, म्हणून मी जे कोणीही केलं असतं तेच केलं. उतरलो, मागे गेलो, डावीकडचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. "तुमचा फाटा," मी म्हणालो. "उशीर झाला. माफ करा."

गाडीचा मागचा डावा कोपरा सावकाश वर आला. दबलेल्या स्प्रिंगने सुटल्यावर करावा तसा आवाज केला. माझ्या दंडाजवळून ओल्या पंच्याचा वास गेला. थोड्या वेळाने होडीची अलीकडची कड पाण्याकडे कलली आणि पुन्हा सावरली.

मी दार लावणार होतो. बांबूवाल्या माणसाने तोंड गाडीकडे वळवलं. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसा तो सहज म्हणाला, "एकच, की दोगां?"

मी आत पाहिलं. विमला कोपऱ्यात नव्हती. ती बैठकीवर सरकत डावीकडे, उघड्या दाराशी आली होती. तिचा एक सुजलेला पाय खाली पायरीच्या दिशेने लोंबत होता. ती पाण्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा किती दिवसांत पाहिला नव्हता इतका निवांत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की श्वासाची ती शिट्टी थांबली आहे.

"इथे बरं वाटतंय," ती म्हणाली. एका दमात, कुठेही न अडखळता. "अजिबात धाप लागत नाही."

मी जन्मभर कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर दिलेलं नाही. घरच्यांनी, विद्यार्थ्यांनी, विमलाने, सगळ्यांनी त्याची थट्टा केली आहे. त्या वेळी मला विचार करावा लागला नाही.

"एकच," मी म्हणालो. "ही माझ्याबरोबर आहे."

मी तिचा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. लागलं आहे ना, हे पुन्हा ओढून पाहिलं नाही. होडीकडेही पाहिलं नाही. बांबू पाण्यात रुतल्याचा आवाज तेवढा आला.

गाडी उलटी घेत मी चढ चढलो. रस्त्याला लागेपर्यंत मागे अगदी शांत होतं. मग सातविणीच्या झाडाखाली ती शिट्टी पुन्हा सुरू झाली, खरखरीत, तुटक. त्या आवाजाने मला रडू आलं. चक्र सरळ होतं, हलकं होतं, आणि माझ्या हातांशिवाय कोणाचंही त्याच्यावर काही म्हणणं नव्हतं.

कणकवलीला डॉक्टर मला फार बोलले. सगळं बरोबर बोलले.

८

"बघलात?" गुरुदास पुढे कोणीही भेटलं की सांगे. "विलायती रॅक. सायकलीच्या ट्यूबान सरळ केलंय." माझ्यासमोर मात्र तो हे बोलताना डोळे दुसरीकडे वळवी. आम्ही त्या दुपारबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

विमलाही बोलली नाही. एकदाच विचारलं मी, तिला काय दिसायचं म्हणून. ती तांदूळ निवडत होती. "दिसायचं काय त्यात," ती म्हणाली. "शेजारी कोणी बसलं की आपण सरकून बसतो. तेवढंच." आणि मग, एक खडा वेचून टाकत, "तुम्ही त्याला फार थांबवलंत हो."

त्यानंतर ती पुन्हा मधोमध बसू लागली, पाय लांब करून. आणखी दोन पावसाळे आम्ही गुरुवारी कणकवलीला जात राहिलो. फाटा यायचा, जायचा. चक्र स्थिर असे. पण फाटा आला की ती बोलणं थांबवून डावीकडच्या काचेतून बाहेर बघायची, आणि मी आरशातून तिच्याकडे बघायचो. ती गेली ती घरी, आरामखुर्चीत, भर सकाळी, माझ्या आमटीबद्दलचं एक वाक्य अर्धं ठेवून.

मी अजून गाडी चालवतो. माझ्या वयात चालवू नये, हे मला ठाऊक आहे. वाटेत कोणी दिसलं की थांबतो, "येता का" म्हणून विचारतो, आणि माणूस नीट बसलेला दिसल्याशिवाय निघत नाही. ज्याचा त्याचा फाटा आला की लोक सांगतात आणि उतरतात.

कधी कोणी नसतं. मग कट्टा मागे पडला की मी दोन्ही हात सैल करतो. चक्राला नुसती बोटं लावून ठेवतो, कोणी काही सांगितलं तर कळावं म्हणून. त्या दिवशी मी तिला विचारलं नव्हतं. तिच्या वतीने उत्तर दिलं होतं. ते बरोबर होतं का, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

सातविणीचं झाड जवळ येतं. मी मागे बघत नाही.

"विमल," मी म्हणतो, "फाटा आला की सांग."

गाडी सरळ जाते.